गाळलेला प्रसंग आणि आपली जबाबदारी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने यंदा विषयाचे बंधन घातलेले नाही. म्हणून लसीकरण, कुपोषण हे माझे नेहमीचे विषय बाजूला ठेवून एका चित्रपटाविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे. वैद्याने चित्रपटाचे गुणदोष सांगावेत काय, असे कोणी विचारील. परंतु ज्या चित्रपटाचा प्रेक्षक मूल आहे, त्याविषयी बालरोगतज्ज्ञाने मौन पाळणे मला उचित वाटत नाही.

चित्रपट आहे ‘रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स रामा’. जपानचे युगो साको व कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांच्या दिग्दर्शनाखाली १९९२ साली तयार झालेला हा अ‍ॅनिमेशनपट २४ जानेवारी २०२५ रोजी आपल्याकडील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. त्यानंतर आपल्या कौटुंबिक मेळाव्यात मुलांना तो दाखवावा, अशी सूचना पुढे आली आणि त्यावर तीन आक्षेप निघाले. तिन्ही नैतिक स्वरूपाचे होते, म्हणून त्यांचा विचार करतो.

पहिला आक्षेप असा की, परकीयांनी आणि तेही ‘कार्टून’मधून रामकथा सांगावी, हेच गैर. हा आक्षेप जुना आहे. १९८३ मध्ये साको यांच्या कामाची वार्ता पसरली, तेव्हा विश्व हिंदू परिषदेने जपानच्या वकिलातीकडे निषेध नोंदविला होता. परंतु रामकथा एका भाषेत वा एका प्रांतात कधी मावली आहे? आपल्याकडे एकनाथांचे भावार्थ रामायण आहे, तसे कन्नडमध्ये तोरवे रामायण आहे. रामदुर्ग तालुक्यातील सुरेबानजवळ शबरीचे स्थान मानले जाते आणि तेथे हात जोडताना कोणी कोणाची मातृभाषा विचारीत नाही. सीमाभागात वाढलेल्या आपल्याला हे निराळे सांगावयास नको.

दुसरा आक्षेप हिंसेचा. तो मला अधिक वजनदार वाटतो. अल्बर्ट बंडुरा यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पडद्यावर बाहुलीला बदडताना पाहिलेल्या लहान मुलांनी पुढे तसेच वर्तन केले. मारणारे पात्र कार्टूनमधल्या मांजराच्या वेषात होते, तरीही परिणाम दिसलाच. चित्रपटाची लांबी सुमारे सव्वादोन तास आहे. भारतीय बालरोग अकादमीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात पडद्यासमोर एक तास ही कमाल मर्यादा आहे. तेव्हा पाच वर्षांखालील बालकांना या प्रदर्शनाला आणू नये, असे मी स्पष्टपणे सुचवितो. त्यापुढील मुलांनी युद्धप्रसंग पाहताना शेजारी आई किंवा वडील असावेत.

तिसरा आक्षेप एका ज्येष्ठ सभासदांचा होता. चित्रपटात सीतेची अग्निपरीक्षा गाळली आहे. ही मुलांची फसवणूक नव्हे काय? मेळाव्यात मी या प्रश्नाला हसून बगल दिली. घरी परतल्यावर मात्र एक जुनी रुग्ण आठवली. तिची ओळख पटू नये, इतका तपशील बदलून सांगतो.

तेरा-चौदा वर्षांची मुलगी, महिनोन्महिने पोटदुखी. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सारे निर्दोष. पहिल्या खेपेस मी जंताचे औषध दिले आणि ‘काही नाही, शाळेत पाठवा’ असे सांगून मोकळा झालो. तिसऱ्या खेपेस आईला बाहेर बसविले, तेव्हा ती बोलू लागली. वर्गातील एका मुलाशी बोलल्यावरून कोणी काहीबाही उठविले होते. घरी तिला देवघरापुढे शपथ घ्यावयास लावली आणि आजी म्हणाली, सीतामाईलाही परीक्षा द्यावी लागली होती. मुलगी मला म्हणाली, “डॉक्टरकाका, सीतेनं दिली की परीक्षा. तरी तिला घालवलंच की.” मी निरुत्तर झालो.

त्या घरात अग्निपरीक्षेचा प्रसंग गाळलेला नव्हता. तो पुरता सांगितलेला होता, पण आज्ञेसारखा. म्हणून माझे मत असे की, प्रसंग गाळला की सांगितला, एवढ्यावर नीतीचा निवाडा होत नाही. सांगणारा कोणाच्या बाजूने उभा आहे, यावर तो होतो.

गाळण्याची प्रथाही जपानी नव्हे. तुलसीदासांच्या रामचरितमानसात अग्नीत प्रवेश करते ती छायासीता. सीतात्यागाची कथा तेथे नाहीच. दूरदर्शनवरील रामानंद सागर यांच्या मालिकेनेही छायासीतेचाच आधार घेतला होता. उलट १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या गीतरामायणाने आपल्या ५६ गीतांत सीतात्यागाचे दुःख टाळले नाही. विदर्भाच्या भवभूतीने तर ‘उत्तररामचरितम्’ हे नाटकच त्या दुःखावर उभारले. त्यात सीतेच्या अग्निशुद्धीचा उल्लेख ऐकताच जनक संतापतो. आपल्या कन्येला शुद्ध करण्याचा अधिकार अग्नीला कोठून आला, हा त्याच्या संतापाचा आशय आहे. अर्थात रामावर भक्ती करणाऱ्या आपल्या परंपरेलाही हा प्रसंग शतकानुशतके बोचत आला आहे.

सात वर्षांच्या मुलापुढे तो प्रसंग आणला नाही, म्हणून मी चित्रपटाला दोष देणार नाही. त्या वयाला आश्वासन हवे असते : हरवलेले माणूस सापडते, वचन पाळले जाते, मित्र साह्यास येतात. ते हा चित्रपट उत्तम देतो. परंतु जे गाळले, ते आपल्या नावे ऋण म्हणून राहते. मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की ते आपण फेडावयाचे आहे. मुलींना तर सांगावेच, पण मुलांनाही सांगावे. कारण संशय घेणारे बहुधा तेच असतात.

माझी सूचना अशी. आपल्या सोसायटीने चित्रपट अवश्य दाखवावा. त्यानंतर मोठ्या मुलांसाठी व पालकांसाठी तासाभराची चर्चा ठेवावी, मराठीतून आणि कन्नडमधूनही. प्रश्न एकच असावा : सीतेचे काय चुकले होते? उत्तर देताना आपण वडीलधाऱ्यांनी अडखळू नये.

ती मुलगी पुढे बरी झाली. औषधाने नव्हे. तिच्या वडिलांना मी बोलावून घेतले आणि त्यांनी घरी सर्वांसमक्ष एवढेच सांगितले की, माझा माझ्या मुलीवर विश्वास आहे. जनकाने याहून निराळे काय केले असते?