गव्हर्नर गाडीला, फास ड्रायव्हरला



ज्याच्या विहिरीवर कधी काळी ऑइल इंजिन फटफटत होते, त्याला गव्हर्नर म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पट्टा निसटला, भार उतरला, की इंजिनाचे फेरे वाढू लागतात. गव्हर्नर डिझेल तोडतो आणि इंजिन वाचवतो. गव्हर्नर बिघडलेले इंजिन बेफाम सुटते तेव्हा शहाणा माणूस त्याच्याजवळ उभा राहत नाही.

त्याच कुळीचे यंत्र मालट्रकला बसवतात. त्याला वेगनियंत्रक म्हणतात, ड्रायव्हर मंडळी स्पीड गव्हर्नरच म्हणतात. केंद्र सरकारने एप्रिल २०१५ मध्ये मोटार वाहन नियमांतला नियम ११८ बदलला. १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार होणाऱ्या मालट्रकला ताशी ८० किलोमीटरची आणि टँकर, डंपर, शाळेच्या बस यांना ६० किलोमीटरची मर्यादा बांधूनच गाडी बाहेर यावी असे ठरले.

या जिल्हा बैठकीपुढे एक सूचना आली आहे : शेतमाल आणि दूध वाहणाऱ्या गाड्यांना या यंत्रातून सूट मागावी. सूचना मांडणारे परके नाहीत, आपल्यातलेच गाडीमालक आहेत. त्यांचे म्हणणे असे, की यंत्रामुळे खेपा कमी होतात, ड्रायव्हरची मजुरी बुडते आणि माल बाजाराला उशिरा पोचतो. ड्रायव्हर म्हणजे दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदरच्या अल्पभूधारकांचीच पोरे. तेव्हा त्यांच्या मजुरीचा प्रश्न आपला आहे, यात दुमत नाही. तरीही आमचा या सूचनेला विरोध आहे. रोग एक आणि औषध दुसरे, असा हा प्रकार आहे.

आधी हिशेब मांडू. सोलापूर ते हडपसर अंतर सुमारे २४० किलोमीटर. मोकळ्या रस्त्याने ताशी ९० ने गाडी हाणली तर दोन तास चाळीस मिनिटे लागतील, ८० ने हाकली तर तीन तास. म्हणजे यंत्राने खाल्ली फक्त वीस मिनिटे! पाचशे किलोमीटरच्या खेपेत हाच फरक पाऊण तासाच्या आत राहतो. प्रत्यक्षात गावे, चौक, टोलनाके आणि वाहतूक यांमुळे सबंध वाटेने ९० चा वेग कोणाला मिळतो? तेव्हा खरा फरक याहूनही कमी.

मग दिवस कुठे जातो? हे पाहायचे तर एखाद्या पहाटे हडपसरच्या गाडीतळावर या. नावच सांगते की ही गाड्या सोडण्याची जागा. इथूनच सासवडचा रस्ता फुटतो आणि सोलापूरचा पुढे जातो. आम्ही या रस्त्यावर शेवाळवाडी, मांजरीपर्यंत ड्रायव्हरांशी बोलत बसलो. प्रत्येकाची कहाणी एकाच वळणाची. माल भरायला थांबा, कारण हमाल आले नाहीत. शहरात शिरायला थांबा, कारण जड वाहनांना बंदीची वेळ आहे. माल उतरवायला थांबा, कारण गाळ्यापुढे आधीच रांग आहे. कारखान्याच्या फाटकावर थांबा, कारण गोदामवाला जेवायला गेला आहे. परतीचे भाडे मिळेपर्यंत हुंडेकऱ्याच्या दारात थांबा. एकेका खेपेत अशी पाच-सहा तासांची, कधी सबंध दिवसाची माती होते. आणि या थांबण्याचे ड्रायव्हरला काय मिळते? शून्य! कारण त्याची मजुरी खेपेवर आहे. चाक फिरले तर पैसा, चाक थांबले तर उपास.

यंत्राने वीस मिनिटे घेतली, फाटकाने आठ तास घेतले. आणि आपण आठ तासांचा हिशेब कोणाला विचारत नाही, वीस मिनिटांसाठी यंत्र काढायला निघालो आहोत. फाटकावर बुडालेले आठ तास ड्रायव्हरने रस्त्यावर, रात्री, झोप मोडून भरून काढावेत, हाच या मागणीचा सरळ अर्थ आहे.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेली माणसे, पण गणित साधे आहे. वेग ६० वरून ८० झाला की धडकेचा जोर पावणेदोनपटीहून जास्त होतो, ९० झाला की सव्वादोनपट. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. सरकारी अहवालानुसार त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. रात्री उसाच्या ट्रॉलीबरोबर, बैलगाडीबरोबर, मोटारसायकलवर दुधाचे कॅन घेऊन रस्त्यावर कोण असते? आपणच. वेगाची मोकळीक मागणारा शेतकरी आपल्याच मरणाला भाडे देतो आहे.

परंतु नुसते यंत्र बसवून जबाबदारी संपली असे मानणाऱ्या सरकारलाही आम्ही सोडणार नाही. पासिंगच्या दिवशी यंत्र चालू दाखवायचे आणि गाडी बाहेर आली की वायर काढायची, हा धंदा रस्त्यावर कोणाला ठाऊक नाही? शिवाय यंत्र डिझेल तोडते, ब्रेक लावत नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरणाऱ्या ट्रकने नवले पुलाजवळ कितीतरी गाड्यांचा चेंदामेंदा केला. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले होते, असे तेव्हा पोलिसांनी सांगितले. इंजिन बंद असेल तिथे गव्हर्नर काय करणार? कित्येक गाड्यांवर खेपेची ठोक रक्कम हातात देतात आणि वाचेल ते ड्रायव्हरचे, असा रिवाज आहे. जी मजुरी डिझेल चोरून वाचवल्यावरच पदरात पडते, ती मजुरी उतारावर माणसे मारणारच.

इथे जुनी ओळख पटते. ऊसतोड मजुराला टनावर बांधले आहे, ड्रायव्हरला खेपेवर. दोघांनाही उचल देऊन अडकवले जाते. दोघांचाही थांबलेला वेळ फुकट धरला जातो. अपघात झाला की गुन्हा ड्रायव्हरवर. तो किती तास जागा होता, कोणी कितीच्या आत पोचायला सांगितले होते, हे फिर्यादीत कोणी लिहीत नाही.

खरे तर कायदा तसा सांगत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८३ वाचा. अतिवेगाचा दंड हाकणाऱ्याला आहे तसा हाकायला लावणाऱ्या मालकालाही आहे. जड वाहनाला तो २०१९ च्या दुरुस्तीनंतर २,००० ते ४,००० रुपये आहे. त्याच कलमाचे चौथे पोटकलम म्हणते, की अमुक वेळात प्रवास संपव अशी सूचना दिली आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय ते शक्य नव्हते असे कोर्टाला वाटले, तर ती सूचना हाच देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा. “पहाटे चारच्या आत गाडी लागली नाही तर भाडे कापीन” असे फोनवर दरडावणारे किती हुंडेकरी, किती कंपन्या आजवर कोर्टात उभ्या राहिल्या?

कामाच्या तासांचेही तेच. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास ठरवले होते, पण पाचांहून कमी कामगार असलेल्या मालकाला तो आपोआप लागू नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या श्रमसंहिता अमलात आल्या, जुना कायदा त्यांत विरला आणि पाचाचे दहा झाले! एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे काम करणारा ड्रायव्हर आधी बाहेर होता, आता आणखी दूर गेला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, त्याचे स्वागत. पण गार हवेत सोळा तास जागणे हेही जागणेच असते.

आता थोडे स्वतःकडे बघू. टोमॅटो उतरतील, कोथिंबीर सुकेल, भाव पडेल, म्हणून ड्रायव्हरच्या मानेवर बसणारे आपणही आहोत. तोडणी दुपारी उशिरा उरकायची, भरणी रात्री नऊला करायची आणि मधला उशीर ड्रायव्हरने रस्त्यावर भरून काढावा अशी अपेक्षा धरायची, हे आपलेही पाप आहे. आपल्या घामाचा दाम मागताना दुसऱ्याचा घाम फुकट धरता येणार नाही.

म्हणून सूट मागणारी सूचना फेटाळून बैठकीने पुढील मागण्या कराव्यात :

१. वेगनियंत्रक सर्व मालगाड्यांना राहावा. तो बंद सापडल्यास दंड मालकाकडून घ्यावा, ड्रायव्हरच्या मजुरीतून कापू नये.

२. खेपेच्या मजुरीऐवजी ड्रायव्हरला महिन्याचा पगार आणि आठ तासांपुढे जादा कामाचे पैसे मिळावेत. थांबलेला तास हा कामाचा तास धरावा.

३. भरणी-उतरणीला दोन तासांपेक्षा जास्त लागले तर थांबवणाऱ्याने थांबण्याचे भाडे द्यावे, मग तो कारखाना असो, बाजार समिती असो वा आपण असू.

४. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या गाडीमालकांनाही कामाच्या तासांची मर्यादा लागू करावी.

५. प्रत्येक जड वाहनाच्या अपघातात कलम १८३(४) खाली वेळ ठरवून देणाऱ्याची चौकशी व्हावी.

गाडीमालक बंधूंना आमचे एवढेच सांगणे : भाडे परवडत नसेल तर भाडे वाढवून मागण्यासाठी उभे राहा, आम्ही बरोबर आहोत. पण ड्रायव्हरची झोप विकून भाडे परवडवू नका. गाडी उलटली तर विम्याने गाडी परत येते. दौंडच्या वस्तीवरचे पोर परत येत नाही.