पणजोबांच्या कागदावरचा शेरा

आष्टा परिसरातून आणि एकूणच कृष्णाकाठच्या गावांतून दोन्ही महायुद्धांत माणसे पलटणीत गेली. त्यांचे डिस्चार्जचे कागद, इस्पितळाची चिठ्ठी, मेडिकल बोर्डाचा कागद असे काही ट्रंकेत उरले असेल, तर ते आज पणतवंडे उघडून पाहतात. त्यावरची इंग्रजी अक्षरे लावणे फार अवघड नाही. जी.एस.डब्ल्यू. म्हणजे गोळीची जखम, एन.वाय.डी. म्हणजे निदान अजून व्हायचे आहे, पी.यू.ओ. म्हणजे कारण न कळलेला ताप. गाव शोधताना मात्र ‘जिल्हा सातारा’ हेच पाहावे लागते, कारण दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा 1949 मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळाले. पलटणीचा आकडाही बदलतो. 110 वी मराठा पलटण 1922 च्या फेररचनेत पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली, त्यामुळे एकाच शिपायाच्या दोन कागदांवर दोन आकडे दिसू शकतात. एवढे कळले की वाचन संपले असे घरचे लोक समजतात. माझा आक्षेप इथे आहे. लष्करी वैद्यकीय कागद आजार सांगतो, पण त्याहून अधिक तो त्या माणसाबद्दल सरकारने काय ठरवले ते सांगतो. तो ठराव ज्या परिस्थितीत झाला ती शेजारी ठेवली नाही, तर पणजोबांवर अन्याय होतो.

कुतचा वेढा घ्या. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 या काळात मेसोपोटेमियातल्या त्या गावात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी अडकून पडल्या होत्या. ताजी भाजी नव्हती, आणि हिंदी शिपायांना स्कर्व्हीने गाठले. शिपायांनी बराच काळ घोड्याचे मांस खायला नकार दिला, हे खरे, आणि दोष त्यांच्या धर्मभावनेवर टाकण्याचा मोह तेव्हाच्या अधिकाऱ्यांनाही झाला. पण त्याच वेढ्यात गोऱ्या सैनिकांत मुख्यतः बेरीबेरी पसरली. खाणे वेगळे म्हणून रोगही वेगळे, इतकाच फरक होता. रसद अपुरी पडली होती, आणि 1917 च्या मेसोपोटेमिया आयोगाने या मोहिमेतल्या वाहतूक व वैद्यकीय व्यवस्थेच्या दुरवस्थेवर कडक ठपका ठेवला. त्या काळातल्या कागदावर ‘स्कर्व्ही’ एवढेच दिसले, तर शिपायाच्या शरीराइतकाच त्या रसदीचाही तो दाखला आहे.

याहून बोचरे उदाहरण फ्रान्सच्या आघाडीचे. 1914-15 मध्ये हिंदी शिपायांच्या हाताला झालेल्या जखमा पाहून त्या स्वतःच करून घेतल्या असाव्यात, असा संशय घेतला गेला. ब्रायटनच्या किचनर इस्पितळाचे कर्नल ब्रूस सेटन यांनी एक हजार जखमांचा अभ्यास केला आणि त्या संशयाला आधार सापडला नाही. एका डॉक्टरने मोजून पाहिले म्हणून डाग पुसला गेला. सेटन यांच्यासारखे मोजणारे प्रत्येक इस्पितळात नव्हते. म्हणून ‘डाव्या तळहाताला गोळी’ अशी नोंद वाचून कुणी भेकडपणाचा निष्कर्ष काढू लागला, तर त्याला थांबवावे.

पेन्शनचा प्रश्न तर आजचाच आहे. आजार सेवेमुळे झाला की नाही, या एका शेऱ्यावर तेव्हा घराचे पोट अवलंबून असे आणि आजही असते. धरमवीर सिंग खटल्यात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर पुढे झालेला आजार सेवेशी निगडित मानावा. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर. शंभर वर्षांपूर्वीच्या शिपायाला असा आधार कुठून असणार? त्याच्या कागदावर ‘सेवेशी संबंध नाही’ असे लिहिलेले दिसले, तर तो त्या काळच्या बोर्डाचा ठराव आहे. पणजोबा मुळातच दुर्बल होते असा त्याचा अर्थ नव्हे.

काहीजण म्हणतील की गेलेल्या माणसाचे आजार, विशेषतः गुप्तरोग किंवा मनाचे विकार, चव्हाट्यावर का आणायचे? ही भीती रास्त आहे, आणि घरच्यांची इच्छा नसेल तर तो कागद जाहीर होऊ नये. पण जाहीर करणे वेगळे आणि जपणे वेगळे. दुसरा आक्षेप असा, की आता यंत्र अक्षरे वाचून भाषांतर करते, मग कुणाची मदत कशाला? यंत्र ‘एन.वाय.डी.’ चा विस्तार करील. पण हीच तीन अक्षरे आघाडीवर स्फोटाने हादरलेल्या माणसाच्या चिठ्ठीवरही का लिहिली जात, हे सांगायला लष्करी वैद्यकाचा जाणकार लागतो.

पंजाबच्या सैनिकांच्या बाबतीत जुन्या नोंदी जपून लोकांपुढे आणण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे. लाहोर संग्रहालयातल्या पहिल्या महायुद्धाच्या भरती नोंदींतली तीन लाखांहून अधिक नावे 2021 मध्ये लोकांसाठी खुली होऊ लागली. सातारा आणि सांगलीच्या सैनिकांसाठीही असे काम व्हायला हवे. 2019 च्या पुरात सांगलीच्या नदीकाठची किती घरे पाण्यात होती हे आपण पाहिले आहे; ट्रंकेतले कागद अशा पुरात टिकणार नाहीत. म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने माजी सैनिक, एखादा निवृत्त लष्करी डॉक्टर आणि महाविद्यालयाचा इतिहास विभाग यांना एकत्र आणून आष्ट्यात आणि वाळवा तालुक्याच्या गावांत कागदांची छायाचित्रे घ्यावीत. मूळ कागद घरीच राहील, प्रत कुणाला दाखवायची हे घरचे ठरवतील, आणि प्रत्येक प्रतीसोबत पलटण, आघाडी आणि वर्ष लिहिलेले असेल.