परक्या फौजेची लोकशाही आणि कामगारांचा सवाल



‘तिथे हुकूमशाही आहे, जनता भरडली जाते आहे. मग एखाद्या बलवान देशाने फौज घालून तिची सुटका केली तर बिघडले कुठे?’ हा प्रश्न रनिंग रूममध्ये आणि सॉर्टिंग ऑफिसात आपलेच साथी विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. ‘साम्राज्यवाद मुर्दाबाद’ एवढी घोषणा देऊन तो झटकता येणार नाही. त्याचे उत्तर कामगारांच्या अनुभवातून दिले पाहिजे.

इराकचेच उदाहरण घेऊ. सद्दाम हुसेन कामगारांचा वैरी होता, याबद्दल शंका नको. १९८७ साली त्याने १५० क्रमांकाचा कायदा करून सरकारी क्षेत्रातील कामगारांचा युनियन करण्याचा हक्कच काढून घेतला. तेल सरकारी, रेल्वे सरकारी, बंदरे सरकारी. म्हणजे देशातला मोठा संघटित कामगारवर्ग एका सहीने मुका झाला.

मार्च २००३ मध्ये अमेरिका व ब्रिटनच्या फौजा इराकमध्ये घुसल्या. कारण सांगितले संहारक अस्त्रांचे. ती अस्त्रे नव्हतीच, हे २००४ साली अमेरिकेच्याच तपास पथकाने मान्य केले. मग लोकशाहीचे कारण पुढे सरकवण्यात आले. ठीक आहे, लोकशाहीच्याच मापाने मोजू. सद्दामचा १५० क्रमांकाचा कायदा रद्द झाला का? नाही! पॉल ब्रेमर यांच्या प्रशासनाने जुन्या राजवटीच्या कितीतरी गोष्टी मोडीत काढल्या. कामगारांचे तोंड बांधणारा कायदा तेवढा जपून ठेवला.

उलट १९ सप्टेंबर २००३ रोजी ३९ क्रमांकाचा हुकूम निघाला. नैसर्गिक साधनसंपत्ती, बँका, विमा असे अपवाद वगळून इराकी उद्योग शंभर टक्के परकी मालकीला खुले झाले. १९ सप्टेंबर ही तारीख रेल्वे-पोस्टातल्या जुन्या साथींना सांगायला नको. १९६८ साली याच दिवशी गरजेवर आधारित किमान वेतनासाठी आपण संप केला होता. इराकी जनतेने या आक्रमणानंतर पहिले मतदान केले ते ३० जानेवारी २००५ रोजी. मतपेटी येण्याआधी सोळा महिने विक्रीचा फलक लागला होता.

आणखी ऐका. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकन सैनिकांनी बगदादमधील इराकी कामगार महासंघाच्या कचेरीवर छापा घालून आठ जणांना पकडून नेले. जानेवारी २००५ मध्ये याच महासंघाचे नेते हादी सालेह यांचा घरात छळ करून खून झाला. बाथ राजवटीने त्यांना एकदा फाशीची शिक्षा सुनावली होती. तुरुंग आणि परागंदा जीवन भोगून ते मायदेशी परतले होते. संशय जुन्या राजवटीच्या हस्तकांवर होता, अमेरिकनांवर नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण लोकशाही आणायला आलेल्या फौजेच्या अमलाखाली लोकशाहीचा खरा कार्यकर्ता सुरक्षित नव्हता, हेही तितकेच खरे.

लोकशाहीचे काम तिथे केले कोणी? बसऱ्याच्या तेल कामगारांनी! कायद्याची मान्यता नसताना त्यांनी युनियन उभारली, ब्रेमर प्रशासनाने लादलेली वेतनश्रेणी नाकारली आणि संपाच्या ताकदीवर २००४ च्या सुरुवातीला किमान वेतन वाढवून घेतले.

‘मग १९७१ चे काय? आपणही बांगलादेशात फौज पाठवलीच ना?’ असे कोणी विचारील. पाठवली. पण डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत तिथल्या जनतेने आपला कौल आधीच दिला होता. पाकिस्तानी लष्कराने तो रक्तात बुडवला, तेव्हा जनता स्वतः लढायला उठली आणि जवळजवळ एक कोटी निर्वासित आपल्या दारात आले. मार्च १९७२ पर्यंत आपली फौज परत आली. तिथे राज्य कोणी करायचे, हे दिल्लीने ठरवले नव्हते.

ते ठरवायला गेलो श्रीलंकेत. १९८७ साली शांतिसेना गेली. १९८८ मध्ये तिच्या पहाऱ्यात ईशान्य प्रांताची निवडणूक झाली, प्रांतिक सरकारही बसले. मार्च १९९० मध्ये फौज परतली आणि ते सरकार पत्त्याच्या बंगल्यासारखे कोसळले. अकराशेहून अधिक जवान मात्र कायमचे गेले. ही शेतकऱ्यांची, कामगारांचीच पोरे होती. अमेरिकेनेही अफगाणिस्तानात वीस वर्षे घालवली. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पुन्हा तालिबानच्या हाती होते.

या चर्चेत कामगारांनी पडू नये, ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हा तज्ज्ञांचा विषय आहे, असे आपल्याला सांगितले जाते. पण सुरक्षेचा दांडा आपल्या पाठीवर पडतो तेव्हा कोणी तज्ज्ञ आडवा येत नाही. मे १९७४ च्या रेल्वे संपात भारत संरक्षण नियम आणि मिसाखाली हजारो रेल्वे कामगारांना तुरुंगात टाकले. बायकामुलांना क्वार्टरबाहेर काढले. २०२१ मध्ये दारूगोळा कारखान्यांच्या महामंडळीकरणाविरुद्ध संपाचा इशारा मिळताच सरकारने वटहुकूम काढून संपच बेकायदा करण्याचा अधिकार घेतला. खडकी, अंबरनाथ, वरणगावच्या साथींनी तो अनुभव घेतला आहे. देशासाठी बंदुका बनवणारा कामगार सुरक्षेला धोका, आणि त्याचा कारखाना महामंडळाच्या हवाली करणारे देशभक्त!

जुलै २००३ मध्ये अमेरिका इराकसाठी आपले सैन्य मागत असताना सरकारने नकार दिला. त्याआधी एप्रिलमध्ये संसदेने आक्रमणाचा निषेध केला होता आणि देशभर लोक रस्त्यावर आले होते. जनमताचा रेटा असला की सरकारला विचार करावा लागतो. पण तेवढ्यावर विसंबून चालणार नाही. परदेशी फौज पाठवण्यापूर्वी संसदेची मंजुरी घेण्याचे बंधन आपल्या राज्यघटनेत नाही. ते आणले पाहिजे.

म्हणून आपल्या शाखेच्या पुढच्या सभेत हे दोन ठराव मांडा. एक, संसदेच्या मतदानाशिवाय भारतीय जवान परक्या भूमीवर लढायला पाठवू नयेत. दोन, सुरक्षेच्या नावाखाली संपाच्या हक्कावर घाला घालणारे सर्व कायदे रद्द करावेत. जगातल्या कुठल्याही हुकूमशाहीविरुद्ध लढणाऱ्या कामगारांच्या पाठीशी आपण उभे राहू; वर्गणीने, निषेधाने, बहिष्काराने. पण त्यांची लढाई त्यांच्या हातून हिसकावून घेणाऱ्या फौजेच्या पाठीशी कदापि नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!