घासून काढलेली नावे

जुन्या वस्तूंसाठी पूर्वी मुंबईचा चोरबाजार किंवा बुधवारी-रविवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार गाठावा लागे. आता तालुक्याच्या गावांतही 'अँटिक'ची दुकाने निघाली आहेत. अशाच एका दुकानात आम्ही दोघे गेलो होतो. तिथे एक तांब्याचे घंगाळ होते. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेले. पण घंगाळ यंत्रावर घासून लख्ख केल्यामुळे 'चि. सौ. कां.' एवढीच अक्षरे उरली होती. पुढचे नाव, गाव, तिथी सारे गेले होते. आम्ही विचारले तेव्हा मालक म्हणाले, "सर, नाव असलं की गिऱ्हाईक बिचकतं. दुसऱ्याच्या घरातलं वाटतं." घंगाळाला अडकवलेल्या चिठ्ठीवर मात्र लिहिले होते : 'पेशवेकालीन'.

पेशवाई १८१८ साली संपली. शेजारच्या इनॅमलच्या थाळीलाही तीच चिठ्ठी होती! खरे नाव पुसायचे आणि खोटा काळ चिकटवायचा, या व्यवहाराला आमचा आक्षेप आहे.

हा माल येतो कसा, तेही पाहू. वाडा पाडायला निघाला की खांब, तुळया, कोरीव चौकटी लाकडाच्या भावाने जातात आणि भांडी मोडीच्या भावाने, किलोवर. भंगारवाला त्यातले 'वेगळे' काही बाजूला काढतो : फणेरपेटी, लामणदिवा, एखादा नक्षीदार अडकित्ता. ते दुकानदाराकडे येते. प्रत्येक हातबदलात वस्तूची किंमत वाढते आणि तिच्याविषयीची माहिती घटते. घर सोडणाऱ्या म्हाताऱ्या बाईला जे ठाऊक असते, त्यातले भंगारवाल्याला काहीच ठाऊक नसते. त्याला वजन ठाऊक असते.

त्याच दुकानात मोडी कागद चौकटीत बसवून विकायला ठेवले होते. "काय लिहिलंय?" या प्रश्नाला "शोभेचं आहे" असे उत्तर मिळाले. आमच्यापैकी एकाला थोडीफार मोडी लागते. तो जमीन गहाण ठेवल्याचा कागद होता. कुणाच्या तरी घरावर आलेला प्रसंग उद्या एखाद्या हॉटेलच्या भिंतीची शोभा होणार आहे.

यावर दुकानदाराचे म्हणणे असे, की मी घेतले नसते तर हे घंगाळ वितळले असते. हे खरे आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही. आमच्यापैकी एकाच्या घरची तांब्यापितळेची भांडी १९८०च्या दशकात मोडीत निघाली आणि त्या पैशांत स्टीलचा संच आला. पुढे त्याच स्वयंपाकघरावर आम्ही हळवे ललित लेखही लिहिले. स्मरणरंजन करणारा साहित्यिक आणि 'पेशवेकालीन'ची चिठ्ठी लावणारा दुकानदार यांत अंतर आहे, पण आम्हाला सोयीचे वाटते तेवढे नाही. दोघांनाही वस्तूचा इतिहास नको असतो. तिचा जुनेपणा तेवढा हवा असतो.

याच भाषेत दुसरी परंपराही आहे. वि. का. राजवाडे गावोगावची दप्तरे धुंडाळत हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेव्हा वस्तू जमवणे हे मराठी लिहिणाऱ्याचे काम नव्हे, असे कुणी आम्हाला सांगू नये.

कायदा आहे. पुरावस्तूंविषयीच्या १९७२च्या केंद्रीय कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुन्या वस्तू आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेली किमान ७५ वर्षे जुनी हस्तलिखिते व कागदपत्रे पुरावस्तू ठरतात. त्यांच्या विक्रीला परवाना लागतो, नोंदवह्या ठेवाव्या लागतात. पण आजीच्या लग्नातले घंगाळ बहुधा शंभरीच्या आतले असते. कायद्याच्या लेखी ते निव्वळ तांबे. जिथे कायदा थांबतो तिथूनच दुकानदाराची आणि आमची जबाबदारी सुरू होते.

आमची मागणी फार मोठी नाही. दुकानात एक वही असावी : वस्तू कोणत्या गावातून आली, केव्हा आली, त्या घरात तिला काय म्हणत. घरच्यांची संमती असेल तरच कुटुंबाचे नाव लिहावे. भांड्यावरची अक्षरे घासू नयेत. पोथीची पाने सुटी करू नयेत. काळ ठाऊक नसेल तर चिठ्ठी कोरी ठेवावी. कोऱ्या चिठ्ठीने कुणाचे दिवाळे निघत नाही.

निघताना मालक म्हणाले, "तुमची पोरं खेड्यांतली. कुणाकडे काही वेगळं असलं तर कळवा, कमिशन देऊ." आम्ही नकार दिला आणि नैतिक समाधानाने बाहेर पडलो. ते समाधान खोटे होते, हे नंतर लक्षात आले. आमच्या विद्यार्थ्यांना ती घरे माहीत आहेत, त्या म्हाताऱ्या बायका त्यांच्या आज्या आहेत. आणि आम्ही मात्र वर्गात 'घंगाळ' या शब्दाचा अर्थ टीपेत देऊन पुढच्या धड्याकडे वळतो. विकण्याआधी त्या भांड्यावरचे नाव वाचून उतरवून घ्या, एवढे आम्ही त्यांना कधी सांगितलेले नाही.

ती वही दुकानदार लिहिणार नसेल, तर मराठी विभागाने लिहावी.