न्यायाच्या दारात : फोटोतलं घड्याळ

आपल्या माणसावर खुनाचा आळ आला की घरच्यांना आधी देव आठवतो, मग वकील. माझं सांगणं असतं, त्या दिवसाचं घड्याळ शोधा.

22 जुलै 1916. सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यालगत, स्टुअर्ट आणि मार्केट रस्त्यांच्या कोपऱ्यावर, लष्करी सज्जतेच्या मिरवणुकीत दुपारी 2 वाजून 6 मिनिटांनी बॉम्ब फुटला. 10 माणसं गेली. कामगार चळवळीतला टॉम मूनी, त्याची बायको रीना आणि साथीदार वॉरन बिलिंग्ज यांना पोलिसांनी पकडलं. मूनी नवरा-बायको तेव्हा मैलभराहून लांब, एका इमारतीच्या गच्चीवरून मिरवणूक बघत होते. तिथे काढलेल्या फोटोंत ते दोघं दिसतात आणि खाली रस्त्यावरचं घड्याळही दिसतं : 1.58, 2.01, 2.04. तुडुंब गर्दीतून दोन मिनिटांत मैलभर कोण जाईल?

फोटो पोलिसांच्याच ताब्यात होते. बचाव पक्षाला आधी दिल्या त्या पुसट प्रती, काटे वाचताच येईनात. स्पष्ट प्रती भांडून मिळवाव्या लागल्या. तरी 1917 मध्ये टॉमला फाशी सुनावली गेली, कारण साक्षीदार शपथेवर खोटं बोलले. त्यातल्या एकाने ओळखीच्या माणसाला खोट्या साक्षीसाठी बोलावणारी पत्रं लिहिली होती. ती त्याच वर्षी उघडी पडली. फाशीची जन्मठेप झाली, सुटका नाही. शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ग्रिफिन पुढे स्वतःच त्याच्या सुटकेसाठी झटले.

रीना निर्दोष सुटली आणि नवऱ्यासाठी लढत राहिली. टॉमची ऐंशी ओलांडलेली आई, मेरी, 1932 मध्ये मुलाची कैफियत घेऊन थेट मॉस्कोपर्यंत गेली. 1934 मध्ये ती वारली. टॉम सुटला 7 जानेवारी 1939 ला, गव्हर्नरने दिलेल्या माफीवर. न केलेल्या गुन्ह्याची माफी! या शब्दाने आजही माझा संताप होतो.

पोलिसांकडचा असा पुरावा दडून राहू नये म्हणून आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निर्देशांप्रमाणे, तपासात हाती लागलेली पण आरोपपत्रात न वापरलेली कागदपत्रं आणि वस्तू कोणत्या, याची यादी आरोपीला मिळायला हवी. आरोपपत्राची नक्कल हातात पडली की ती यादी मागा, लेखी मागा. आणि सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. ते जपून ठेवण्याचा अर्ज वकिलाकडून अटकेच्या दुसऱ्याच दिवशी कोर्टात द्या.