हुकूम कोणाचा?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. चौरंग मांडलेला, लाह्या-बत्तासे ताटात, आणि पूजेला बसायचा तो यजमान, म्हणजे माझा पुतण्या, मोबाईल हातात धरून कपाळाला आठ्या घालून उभा! साहेबांचा निरोप आला होता : 'ताबडतोब कामाला बस. आपण सारे एक कुटुंब आहोत.'

"अरे, पण कुटुंब इथे खोळंबलंय!" सूनबाई म्हणाली. चिमुरडी फुलबाजी घेऊन दारात उभी होती.

माझे थोरले बंधू आरामखुर्चीत होते. छत्तीस वर्षे त्यांनी एकाच कचेरीत काढली. ते मुलाला कामाला बसवणार, अशी माझी अटकळ होती. पण ते म्हणाले, "तू जन्मलास त्या रात्री मी हिशेबतपासणीसाठी कचेरीत होतो. निवृत्त झालो तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला. पुढच्याच महिन्यात सहज तिकडे गेलो, तर दारावरच्या पहारेकऱ्याने विचारले, 'कोण पाहिजे?'"

घरात क्षणभर कोणी बोलले नाही.

मला त्या वेळी चेस्टर बर्नार्ड आठवले. हे गृहस्थ कोणी संपपुढारी नव्हेत बरे का! अमेरिकेतल्या न्यू जर्सी बेल टेलिफोन कंपनीचे ते अध्यक्ष. 1938 साली त्यांनी 'द फंक्शन्स ऑफ द एग्झिक्युटिव्ह' हा ग्रंथ लिहिला. व्यवस्थापनशास्त्रात त्याचे नाव आजही निघते. त्यात या साहेबांनी साहेबांनाच एक चमत्कारिक गोष्ट सांगितली. हुकमाचा अधिकार हुकूम देणाऱ्याच्या खुर्चीत नसतो; तो हुकूम घेणाऱ्याच्या मान्यतेत असतो!

आणि ही मान्यता मिळते केव्हा? हुकूम समजला पाहिजे. संस्थेच्या हेतूशी तो विसंगत वाटता कामा नये. स्वतःच्या हिताशी त्याचा मेळ बसला पाहिजे. आणि तो पाळण्याइतके बळ अंगात व मनात पाहिजे. या चारांतले एक जरी लंगडे असले, तरी हुकूम कागदावरच राहतो.

मग रोज कचेऱ्या चालतात कशा? बर्नार्ड म्हणतात, पुष्कळसे हुकूम माणूस विचार न करता पाळतो; त्यांच्याविषयी त्याची ना तक्रार असते ना उत्साह. या पट्ट्याच्या आत राहून हुकूम सोडतो तो शहाणा साहेब. हा पट्टा रुंद करायचा, तर माणसाला पगाराबरोबर कामाचा अभिमान, चांगले सोबती, मानही द्यावा लागतो. नुसते 'कुटुंब' म्हणून भागत नाही.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, "पुस्तकात ठीक आहे, घराचे हप्ते बर्नार्ड भरणार का?" खरे आहे. एकट्याने नाही म्हणणे कठीणच. बर्नार्डनाही ते ठाऊक होते : साहेबाचा मान मोडणारा माणूस सोबत्यांनाही खपत नाही, असे त्यांनीच लिहिले आहे. पण म्हणूनच नकार आणि होकार यांच्यामधली वाट शोधायला हवी. संस्थेला आपण आपली मेहनत देतो, अक्कल देतो, दिवसाचे तास देतो. ही देणगी मोठी आहे. पण ती आपण मोजून दिलेली असते. मोजायचे आपणच सोडले, तर संस्था कशाला मोजील?

पुतण्याने थोडा विचार केला आणि उत्तर धाडले : 'पूजा आटोपून नऊ वाजता बसतो.'

दोन मिनिटे घरात चिडीचूप. मग मोबाईल वाजला. साहेबांचे उत्तर होते, 'ठीक आहे. माझ्याकडेही पूजा आहे.'

पुतण्या हसला आणि सोवळे नेसायला गेला. बंधूंनी मात्र नातीला जवळ बोलावले, निरांजनावर तिची फुलबाजी पेटवून दिली, आणि ती विझेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिले.