परतीची रिकामी जागा

वारंवार प्रवास करून साठविलेल्या ‘मैलां’वर जाण्यायेण्याचे तिकीट काढावे आणि परतीच्या विमानात बसूच नये, हा कित्येक विमानकंपन्यांच्या लेखी नियमभंग ठरतो, उरलेले मैल जप्त करण्याचा धाकही त्या घालतात. हा न्याय आम्हांस मान्य नाही. काही उतारू येणारच नाहीत, असे गृहीत धरून ज्या जागांहून अधिक तिकिटे विकतात, त्यांनीच गैरहजेरीस अपराध म्हणावे काय? रोख पैसे देऊन घेतलेल्या तिकिटाचा शेवटचा टप्पा सोडणाऱ्या एका उतारूवर लुफ्थान्साने २,११२ युरोंचा दावा केला. बर्लिनच्या न्यायालयाने २०१८ साली तो फेटाळला. बेत बदलताच प्रवाशाने कंपनीस कळवावे, म्हणजे ती जागा दुसऱ्या गरजूस मिळेल. त्याहून अधिक तो काही देणे लागत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.